गेली पाच वर्षं व्यक्तिशः ओळखतो

प्राध्यापक मोरेश्वर खांबेटे यांना आपण किती मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवलं ते सांगता येत नाही, पण किती जणांना चारित्र्याचे दाखले दिले ते मात्र आकड्यासकट सांगता येतं. चौदाशे बावीस. प्रत्येक दाखल्याची नक्कल फाइलीत, फाइली लोखंडी कपाटात, आणि कपाट दुर्गापुऱ्यातल्या त्यांच्या घरात नेमकं अशा जागी, की वीणाबाईंना इस्त्रीचं टेबल उघडायचं तर आधी कपाटाशी झटापट करावी लागते. सरांच्या मते त्या कपाटात अर्ध्या जयपूरचं चारित्र्य आहे. वीणाबाईंच्या मते झुरळं आहेत.

नोकरीचा अर्ज असो, घर भाड्याने घ्यायचं असो की मुलाला वसतिगृहात घालायचं असो, कुठल्या ना कुठल्या खिडकीवरचा कारकून म्हणतोच, की दोन जबाबदार माणसांकडून चारित्र्याचा दाखला आणा. जबाबदार माणूस म्हणजे ज्याच्याकडे गोल शिक्का आहे तो. खांबेटे सर सरकारी कॉलेजात होते, त्यामुळे शिक्का होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी पदरच्या पैशाने नवा करून घेतला, त्यात नावाखाली 'सेवानिवृत्त' असं इतक्या बारीक अक्षरात घातलं की ते मुंगीलाच वाचता यावं.

मजकूर एकच, छापून ठेवलेला. 'मी श्री. अमुक यांना गेली पाच वर्षं व्यक्तिशः ओळखतो. त्यांचं नैतिक चारित्र्य उत्तम असून ते कोणत्याही फौजदारी प्रकरणात गुंतलेले नाहीत.' नावाची जागा तेवढी मोकळी. पाच वर्षं आधीच छापलेली. पुण्याहून तीन आठवड्यांपूर्वी कंपनीच्या नोकरीवर आलेला अमेय नावाचा तरुण वैशाली नगरात फ्लॅट घेण्यासाठी दाखला मागायला आला, तेव्हा सरांनी त्याचं नाव विचारून घेतलं, स्पेलिंग विचारून घेतलं आणि त्याला पाच वर्षं व्यक्तिशः ओळखत असल्याचं लिहून दिलं. पोरगा जिना उतरताना हसत होता. वीणाबाईंनी ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि त्यांना त्या पोराचा राग आला नाही, नवऱ्याचा आला.

कारण हा माणूस कुणालाच ओळखत नाही, हे छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांना पक्कं कळलेलं होतं. दूधवाला बदलून सात वर्षं झाली तरी सर नव्याला जुन्याच्या नावाने हाक मारतात. शेजारच्या सदाशिवरावांची बायपास झाली ते यांना गणपतीच्या आरतीला कळलं. पण माणूस समोर उभा राहिला आणि 'सरजी' म्हणाला, की यांची छाती फुगते. "मी माणूस बघताक्षणी ओळखतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

वीणाबाईंचं उलट. त्यांचा कुणावरच विश्वास नाही, आणि त्याची त्यांना लाजही नाही. सांगलीहून लग्न होऊन आल्या तेव्हा परक्या गावात, परक्या भाषेत, पहिल्याच महिन्यात गॅसवाल्याने रिकामी टाकी देऊन फसवलं. तेव्हापासून घरात कारागीर आला की त्या प्लॅस्टिकचं निळं स्टूल उचलतात आणि तो काम करील तिथे त्याच्यासमोर बसतात. नळवाला मोरीत तर या मोरीच्या दारात. रंगारी खोलीत तर या खोलीच्या कोपऱ्यात, नाकाला पदर लावून. चहा देतात, पाणी देतात, पण उठत नाहीत. कॉलनीतले कारागीर त्यांना मागे 'कॅमेरा आंटी' म्हणतात. हे त्यांच्या कानावर आलेलं आहे. म्हणू देत, असं त्या म्हणतात.

पवन या घरात प्रथम आला त्याला आता आठ वर्षं होतील. कूलरचं काम करणारा, काटक, बोलायला कमी. सरांनी त्याला रस्त्यावरून बोलावून आणला होता आणि वीणाबाई नेहमीप्रमाणे स्टूल घेऊन गच्चीवर गेल्या होत्या. काम आवरल्यावर तो घुटमळला. एका शाळेत कूलरच्या देखभालीचं काम मिळत होतं, त्यांना चारित्र्याचा दाखला हवा होता. सर खूश झाले. पवन म्हणाला, "सरजी, उसके पहले एक बात बतानी थी."

"बताने की कोई जरूरत नहीं," सर शिक्का शोधत म्हणाले. "मैं आदमी देखते ही पहचान लेता हूँ."

पवनने आणखी एकदा तोंड उघडलं. तोवर शिक्का उमटला होता. त्या दिवशी सकाळी दहा वाजता पहिल्यांदा भेटलेल्या माणसाला सर दुपारी एक वाजता गेली पाच वर्षं व्यक्तिशः ओळखत होते. दारात उभ्या असलेल्या वीणाबाईंनी पवनचा चेहरा पाहिला. हातात कागद पडूनही तो काही आनंदलेला दिसला नाही.

मग दर वर्षी एप्रिलमध्ये तो येऊ लागला. कूलरचं जुनं गवत काढायचं, नवं भरायचं, टाकी घासायची, पंप तपासायचा, आणि वीणाबाई समोर स्टुलावर. त्यांच्यात फारसं बोलणं होत नसे. दोघांनाही त्याची गरज वाटत नव्हती.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलात तो आला, गेला, आणि तिसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला उचलला. तो इथे आला होता त्याच दिवशी तिलक नगरातल्या एका बंद घरातून सोन्याची साखळी आणि चांदीची भांडी गेली होती. त्या घरी आदल्याच दिवशी पवनने कूलर बसवला होता. शेजारणीने दुपारी साडेबाराच्या सुमाराला 'औजारांची पिशवी घेतलेला माणूस' फाटकातून बाहेर पडताना पाहिला होता. जयपुरात एप्रिलमध्ये औजारांची पिशवी घेतलेला माणूस पाहणं म्हणजे काय मोठं आश्चर्य! पण पोलिसांना तेवढं पुरलं. साखळी सापडली नाही, भांडी सापडली नाहीत, पवन सापडला. चार महिने आत राहून तो जामिनावर सुटला आणि खटला उभा राहिला.

त्याची वकील सरकारी मदतीतून मिळालेली होती, ईश्वरी नावाची. जयपुरातच जन्मलेली, मराठी डॉक्टरांची मुलगी, मराठी अडखळत बोलणारी. पवनने तिला सांगितलं, की त्या दिवशी साडेअकरापासून दोनपर्यंत मी दुर्गापुऱ्यात खांबेटे सरांच्या गच्चीवर होतो. ती घरी आली, पाणी प्यायली आणि वीणाबाईंना म्हणाली, "काकू, तुम्ही होता ना घरी? तुमची गवाही पाहिजे."

"ती काय बोलणार कोर्टात?" सर म्हणाले. "मी येतो."

आता खरी गोष्ट अशी, की त्या दिवशी सर आतल्या खोलीत पंख्याखाली वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपले होते. मुख्य बटण बंद करायला पवन खाली आला तेव्हा घाम फुटून जागे झाले, 'कितनी देर?' म्हणाले आणि कूस बदलली. त्यांची त्या दिवसाची साक्ष एवढीच. वीणाबाई मात्र अडीच तास समोर बसलेल्या. दिवसही त्यांच्या पक्का लक्षात होता, कारण संकष्टी होती, घरात फक्त साबुदाण्याची खिचडी होती आणि तीच त्यांनी पवनला बशीत घालून दिली होती.

ईश्वरीने दोघांचीही नावं यादीत घातली. मग सरांना समोर बसवून शाळेतल्या मुलाला समजावावं तसं समजावलं.

"काका, तुम्ही फक्त तो घरी आला होता, एवढंच बोलायचं. तो कसा माणूस आहे, ते अजिबात नाही बोलायचं. मतलब, चांगला आहे, इमानदार आहे, काहीच नाही."

"का बरं? मी त्याला दाखला दिलेला आहे."

"तेच तर. कायदा असा आहे, की आरोपीचं जुनं काही वाईट असेल तर ते सरकारी वकील कोर्टात काढू शकत नाही. आज चोरी केली की नाही, एवढंच बघायचं. पण आपणच पहले बोललो, की हा चांगला माणूस आहे, तर मग त्यांना मोकळीक मिळते. मग ते जुनं सगळं काढू शकतात. दरवाजा आपण उघडतो, काका. आपण नाही उघडला तर ते आत नाही येऊ शकत."

"जुनं काय असणार त्याचं?" सर हसले. "बाळ, मी माणूस बघताक्षणी ओळखतो."

ईश्वरीने वीणाबाईंकडे पाहिलं. वीणाबाईंना त्या क्षणी दाखला हातात पडल्यावरचा पवनचा चेहरा आठवला. "अहो, ती सांगतेय तेवढंच बोला," त्या म्हणाल्या. सरांनी मान हलवली. परीक्षेच्या हॉलमध्ये मुलांच्या शंका न ऐकताच हलवायचे, तशीच.

साक्षीच्या दिवशी सरांनी बंद गळ्याचा कोट घातला. मे महिना, बाहेर भाजून काढणारी लू वाहत होती, आणि हे कोटात. काखेत कपाटातली एक फाइल. "ती कशाला?" असं वीणाबाईंनी विचारलं तर म्हणाले, "कोर्टाला कागद लागतो."

साक्षीदारांनी बाहेर थांबायचं म्हणून वीणाबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. दार उघडंच होतं. सरांचा आवाज आयुष्यभर शेवटच्या बाकापर्यंत पोचत आलेला, तो इथेही पोचला. नाव सांगितलं, पद सांगितलं, निवृत्तीचं साल सांगितलं. ईश्वरीने वेळ विचारली. सरांनी वेळ सांगितली. झालं होतं. तिथे थांबायचं होतं. वीणाबाईंनी बाकाची कड घट्ट धरली.

"और मैं माननीय न्यायालय को यह भी बताना चाहता हूँ," सरांचा आवाज आला.

ईश्वरी काहीतरी घाईने म्हणाली. पण वर्गात हात वर करणाऱ्या मुलाला सरांनी कधी बोलू दिलं होतं, की आज देतील? पवनचं चारित्र्य किती निर्मळ आहे, त्याच्याइतका प्रामाणिक कारागीर जयपुरात नाही, आणि हे मी तोंडी सांगत नाही, हा पाहा माझा दाखला, असं सगळं त्यांनी खणखणीत सांगितलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. फाइलीची गाठ सोडल्याचा आवाजसुद्धा वीणाबाईंना ऐकू आला.

मग सरकारी वकील उठला. त्याचा आवाज बारीक होता, बाहेर नीट कळत नव्हतं. सरांची उत्तरं तेवढी कळत होती. "जी हाँ, मेरे ही हस्ताक्षर हैं." "जी, पाँच साल से." "व्यक्तिगत रूप से, जी." मग एक मोठा प्रश्न झाला. त्यावरचं उत्तर वीणाबाईंना ऐकू आलं नाही. पुढचंही नाही. जो आवाज छत्तीस वर्षांत त्यांना एकदाही कमी करता आला नव्हता, तो त्या बारीक आवाजाच्या माणसाने पाच मिनिटांत बंद केला होता.

ईश्वरी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. "काकू, दहा वर्षांपूर्वी त्याने एका गोदामातून तांब्याची तार चोरली होती. कबूल केलं होतं. आठ महिने जेल झाली. तो फैसला त्यांच्या फाइलमध्ये एवढे दिवस पडून होता, ते हात नव्हते लावू शकत. आता लावला." ती भिंतीला टेकली. "आणि काकांचा दाखला. त्यात लिहिलंय, की पाच वर्षं ओळखतो, कुठलं फौजदारी प्रकरण नाही. पण त्या पाच वर्षांत तर तो जेलमध्ये होता. वकील बोलला, की जो माणूस लिहून खोटं बोलतो त्याने तोंडी सांगितलेल्या वेळेवर कोण भरोसा ठेवणार?"

हात दाखवून अवलक्षण ते असं. न विचारता बोलले, न मागता कागद दिला, आणि पवनच्या बाजूने जे एक खरं होतं तेसुद्धा खोट्याच्या रांगेत नेऊन बसवलं. आणि गंमत म्हणजे घामाने निथळत बाहेर आल्यावर सर पहिलं वाक्य काय बोलले? "ह्या पवनने मला फसवलं."

वीणाबाईंना त्यांचा इतका संताप आला, की भर व्हरांड्यात त्या उभ्या राहिल्या आणि पुन्हा बसल्या. कारण सरांवर रागावायचा आपल्याला फारसा हक्क नाही, हे त्यांना कळलं होतं. तांब्याच्या तारेचं ऐकलं त्या क्षणी त्यांचा स्वतःचा उजवा हात डाव्या हातातल्या पाटल्यांवर गेला होता. पाटल्या होत्या. हाताची त्यांना लाज वाटली. पवन दाराशी उभा होता. त्याने तो हात पाहिला होता, आणि नजर खाली घातली होती.

"आता माझी साक्ष घे," वीणाबाई ईश्वरीला म्हणाल्या.

त्यांचा नंबर तीन आठवड्यांनी लागला. जाताना सर म्हणाले, "कशाला त्या चोरासाठी जातेस? नाव खराब होईल." वीणाबाईंनी चपला घातल्या आणि ई-रिक्षा थांबवली.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्या पदर सावरून उभ्या राहिल्या. बोलताना त्या कारागिराशी बोलतात तशाच बोलल्या, मोडक्या हिंदीत, जेवढ्यास तेवढं. साडेअकराला आला. आधी टाकी रिकामी केली. सव्वाबाराला वीज बंद करायला खाली उतरला, मीही मागे उतरले. परत वर. एकला खिचडी दिली. साबुदाणा पहिल्यांदा खाल्ला त्याने, हे मोती कशाचे म्हणून विचारलं. दोन वाजता गेला. दिवस संकष्टीचा होता, पंचांग काढून पाहा.

"पूरे ढाई घंटे आपने उसे देखा?" सरकारी वकिलाने विचारलं. "धूप में बैठकर? क्यों?"

"मुझे भरोसा नहीं रहता."

"इस पर भरोसा नहीं था?"

"किसी पर नहीं रहता. सबके सामने बैठती हूँ. कॉलनी में पूछ लो."

कुणीतरी मागे हसलं. न्यायाधीश बाईंनी मान वर करून पाहिलं. सरकारी वकिलाने कागद चाळले. "आपके पति तो कहते हैं, बहुत ईमानदार आदमी है. आप भी यही कहती हैं?"

ईश्वरी खुर्चीतून अर्धवट उठली. वीणाबाईंनी पवनकडे पाहिलं. त्याला चांगला म्हणावं, असं त्यांना फार वाटलं. पाटल्यांवर गेलेल्या हाताची ती भरपाई झाली असती.

"मुझे नहीं मालूम," त्या म्हणाल्या. "कैसा आदमी है, वो मैंने नहीं देखा. कहाँ था, वो देखा."

वकिलाने तांब्याच्या तारेचं विचारलं. त्या म्हणाल्या, की ती तार मी पाहिली नाही, मी कूलर पाहत होते. तो माणूस कागद मिटून खाली बसला.

निकालाला पुढे बराच वेळ लागला. मार्चमध्ये पवन सुटला, संशयाचा फायदा देऊन. निकालपत्रात पहिल्या बचाव साक्षीदाराबद्दल अर्धं पान होतं, ते ईश्वरीने सरांना वाचून दाखवलं नाही. दुसऱ्या साक्षीदाराबद्दल तीन ओळी होत्या. साक्षीदाराला आरोपीविषयी जिव्हाळा नाही आणि म्हणूनच तिचं म्हणणं विश्वासार्ह वाटतं, असं त्यात होतं. मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला सरांनी आठ-दहा जणांना गोळा करून सांगितलं, "कोर्टात साक्ष दिली, सोडवून आणला." लोकांनी माना डोलावल्या. एकाने तिथेच मुलीसाठी दाखला मागितला आणि सरांनी तिचं नाव लिहून घेतलं.

एप्रिल लागला. एके दिवशी सकाळी वीणाबाईंनी पाहिलं, की सर कपाटांना कुलपं लावत आहेत. दागिन्यांच्या, कपड्यांच्या, एवढंच काय, दाखल्यांच्याही. पुढचं काही विचारायच्या आत फाटक वाजलं. खांद्यावर पिशवी आणि काखेत गवताच्या जुड्या घेऊन पवन उभा होता. सर पुढे झाले आणि फाटकाची कडी न काढताच म्हणाले, "इस साल रहने दो. दूसरे आदमी को बोल दिया है."

 पवनने जुड्या दुसऱ्या काखेत घेतल्या आणि तो वळला.

"दूसरा कोई नहीं आ रहा," वीणाबाई मागून म्हणाल्या. "ऊपर चलो."

"अगं, तो चोर आहे," सर मराठीत पुटपुटले. "शिक्षा झालेला."

"ते तो तुम्हाला आठ वर्षांपूर्वीच सांगत होता. तुम्ही शिक्का शोधत होतात." त्यांनी कडी काढली. "भर कोर्टात त्याला निर्मळ म्हणालात. आता दारात उभा करता?"

सरांनी किल्ल्यांचा जुडगा खिशात घातला आणि ते आत गेले.

पवन जिना चढला. मागून वीणाबाई चढल्या, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात निळं स्टूल. स्टूल त्यांनी टाकीच्या सावलीत ठेवलं. त्याने ते पाहिलं.

"आंटीजी, अब भी बैठोगी?"

"बैठूँगी," वीणाबाई म्हणाल्या. "सबके लिए बैठती हूँ."

पवन हसला. या घरात तो पहिल्यांदाच हसताना दिसला. मग त्याने पिशवीतून पाना काढला आणि कूलरची मागची जाळी सोडवायला घेतली.